किल्ल्यातली माती

“जुई, आ कर.”

जुईनं आ केला. जीभ स्वच्छ, दाढांमागे काही नाही. मी तिच्या दोन्ही मुठी उघडून बघितल्या, ओल्या रुमालानं बोटं पुसली आणि तिला पुन्हा कडेवर घेतलं. आम्ही बिदरच्या किल्ल्याच्या पहिल्या दरवाज्यात उभे होतो. आम्हाला शहर दाखवायला आलेले बिरादार खंदकाकडे हात करून तो खडकातून कसा कोरून काढला ते सांगत होते. सांगता सांगता ते थांबले.

“ताई, लेकराच्या तोंडात काय गेलं का?”

“नाही. तेच बघत होते.”

“दर पाच मिनिटांनी बघते ती,” उमाकांत म्हणाला. “तुम्ही चालू ठेवा.”

बिरादारांनी चालू ठेवलं. पण त्या दिवशी पुढं जिथं जिथं आम्ही थांबलो तिथं माहिती सांगताना त्यांचा एक डोळा माझ्याकडे असायचा. माझे दोन्ही जुईकडे असायचे. उमाकांत, माझा नवरा, तेवढा खरोखर शहर बघत होता.

जुई तेव्हा अडीच वर्षांची होती आणि माती खात होती. कुंडीतली, भिंतीची, चपलेच्या तळाला लागलेली, कुठलीही. पुण्याच्या डॉक्टरांनी दोनदा जंताचं औषध दिलं होतं, लोहाचं सिरप चालू होतं, तरी तिचं हिमोग्लोबिन साडेसातच्या वर जात नव्हतं. मी स्वतः मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. मातीतून पोटात काय जातं ते मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यामुळं घरात या विषयावर मला कोणी काही समजावून सांगायचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता, की मी दिवसभर लॅबमध्ये असते आणि पाळणाघरातल्या बाईंकडे अकरा मुलं आहेत.

सासूबाईंनी उपाय सांगितला होता. जुईला सहा महिने उदगीरला ठेवा. तिथं आख्ख्या घराला फरशी आहे, अंगणालासुद्धा, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या दिवसभर घरी असतात. उमाकांतला ते पटलं होतं. त्याचं बोलणं चुकीचंही नव्हतं. पण जुई सहा महिने माझ्यापासून लांब, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आठवडाभर आमची त्यावरून धुसफूस चालली होती, आणि शेवटी अट मीच घातली.

त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी बिरादारांचं नाव दिलं होतं. एक दिवसाची खासगी गाडी. गाडी तेच चालवतात, शहरही तेच दाखवतात, आणि संध्याकाळी उदगीरला घरापर्यंत सोडतात. रात्रीच्या बसनं बिदरला उतरायचं आणि दिवसभर तिघांनी मजेत हिंडायचं, असा उमाकांतचा बेत. मी म्हटलं, त्या दिवशी मी तिला बघते. सकाळी बसमधून उतरल्यापासून संध्याकाळी आईंच्या दारात पोचेपर्यंत तिच्या तोंडात मातीचा कण गेला नाही, तर ती आपल्याबरोबर परत येईल.

“आणि गेला तर?”

“तर ठेवू आईंकडे.”

बाकी शहरं सोडून नेमकं बिदर निवडण्यात काय चूक झाली, हे मला किल्ल्यात शिरल्यावर कळलं. तिथलं सगळंच लाल. दगड लाल, धूळ लाल, आणि भिंतींचा जांभा इतका भुसभुशीत, की नुसतं बोट टेकवलं तरी कुंकवासारखी पूड बोटाला येते.

बिरादार पन्नाशीचे असतील. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि बोलणं भालकीकडचं, मराठीत कानडी हेल असलेलं. त्यांना राजांच्या सनावळ्या तोंडपाठ होत्या, पण त्यात त्यांचा जीव नव्हता. त्यांचा जीव कारागिरांत. रंगीन महालात त्यांनी काळ्या दगडात बसवलेले शिंपल्याचे तुकडे दाखवले आणि म्हणाले, ज्यानं बनवून घेतलं त्याचं नाव पाटीवर हाय, ज्यानं बनवलं त्याचं नाव कुणालाबी म्हाईत न्हाई, आता बोला. उमाकांतनं फोटो काढला. बिरादारांनी त्याला विचारलं, साहेब, तुम्ही उदगीरचे, इतक्या जवळचे, अन् आजवर आला नव्हता? शाळेच्या सहलीत आलो होतो, उमाकांत म्हणाला, पण तेव्हा डबा खाण्यात सगळा वेळ गेला.

महालाच्या पायऱ्या चढताना मला धाप लागली. जुई कडेवर होती म्हणून असेल. मी वरच्या पायरीवर बसले, पर्स मांडीवर घेतली, आणि जुईला उमाकांतकडे दिलं.

“पर्सही दे,” तो म्हणाला. “एवढं काय भरलंयस त्यात?”

“राहू दे. तिचीच औषधं, रुमाल.”

“ताईचा चेहरा लई उतरलाय,” बिरादार म्हणाले. “च्या घेऊ मग पुढं जाऊ.”

चहा घेतला. अकरा वाजले, बारा वाजले. जुईनं माकडं बघितली, सोळा खांबांच्या मशिदीत खांब मोजायचा प्रयत्न केला आणि चारनंतर एकदम दहा म्हटलं. तीनदा ती खाली बसली आणि तिन्ही वेळा मी तिला वेळेवर उचललं. किल्ल्यातून बाहेर पडताना उमाकांत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, अर्धा दिवस झाला की गं. त्याच्या आवाजात कौतुक होतं. तोही मनातून मीच जिंकावं म्हणत होता, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी कसंतरीच झालं.

गावातला जुना मदरसा निम्मा उभा आहे. एका बाजूचा मिनार शाबूत आहे, त्यावर निळ्या-हिरव्या फरश्या अजून शिल्लक आहेत. दुसरी बाजू वीज पडून दारूगोळ्याचा स्फोट झाला त्यात गेली, असं बिरादार सांगत होते. उमाकांत मान वर करून मिनार बघत होता. मीही बघितला. खरं सांगते, दिवसभरात मी मान वर करून बघितलेली ती पहिली गोष्ट. इतका गाढ निळा रंग इतकी शतकं ऊनपावसात कसा टिकला असेल, असा विचार मनात आला, आणि तेवढ्यात माझा हात हलका झाला. जुईनं बोट सोडवून घेतलं होतं.

ती भिंतीपाशी उकिडवी बसली होती. तोंड मिटलेलं, गाल हलत होता.

मी दोन ढांगांत तिथं पोचले. उमाकांतकडे पाठ करून मी तिच्या तोंडात बोट घातलं, एक लाल खडा काढला, बाकीचं रुमालानं पुसून घेतलं आणि रुमाल मुठीत दाबला. जुई रडली नाही. ती कधीच रडायची नाही, नुसती माझ्याकडे बघत राहायची.

“काय झालं?” उमाकांतनं लांबून विचारलं.

“काही नाही. बडीशेप अडकली होती दातात.”

मी मान वळवली तर बिरादार माझ्या मुठीकडे बघत होते. रुमालाचा एक कोपरा बोटांमधून बाहेर आला होता, लाल झालेला. टोपी काढून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली आणि म्हणाले, चला, जेवायची वेळ झाली.

खानावळीत ज्वारीची भाकरी होती, शेंगाची चटणी, झुणका, दही. जुईनं दह्यात बोट बुडवून चाटलं तेवढंच. मलाही जेवण गेलं नाही. उमाकांतनं पोटभर जेवून ढेकर दिला आणि म्हणाला, आईसाठी इथलं काहीतरी घेऊ या, चांदीच्या नक्षीचा बिदरी करंडा वगैरे. बिदरी कुठं बनवतात ते बघायचंय, दुकान नको.

बिरादारांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कारखाना दाखवतो की. वळखीचा हाय. पण तिथं मातीचं काम असतं, ताई. लेकराला धरून बसा म्हंजे झालं.”

“मी धरेन,” मी म्हटलं.

चौबारा नावाचा एक गोल बुरूज शहराच्या मध्यात आहे. त्याच्यामागच्या गल्लीत खलीलसाहेबांची खोली होती. खोली म्हणजे तीन बाजूंना भिंती आणि एका बाजूला रस्ता. सत्तरीचा सडपातळ माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पायाच्या अंगठ्यात एक भांडं धरून त्यावर छिन्नी चालवत होता. आमच्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि हातातली रेघ पुरी केल्यावरच छिन्नी खाली ठेवली.

त्यांची भाषा दखनी. उदगीर-लातूरची गिऱ्हाइकं येतात म्हणून मधे मधे मराठी. जस्त आणि थोडं तांबं ओतून भांडं कसं बनतं, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार खाचेत कशी ठोकतात, हे त्यांनी उमाकांतला हातात देऊन दाखवलं. चांदी बसवलेला एक करंडा तयार होता. पण तो काळा नव्हता, कळकट राखाडी होता, चांदी त्यात धड ओळखूही येत नव्हती.

“याला काळं करायचं कसं?” उमाकांतनं विचारलं.

“मट्टी से.”

ते उठले आणि फळीवरून पत्र्याचे दोन डबे काढले. किल्ल्याच्या आत, जुन्या बंद खोल्यांत, जिथं शेकडो वर्षं ऊन गेलं नाही की पाऊस गेला नाही, तिथली ती माती. नवसागराबरोबर पाण्यात कालवून तापल्या भांड्यावर चोळली, की जस्त काळं पडतं आणि चांदी जशीच्या तशी राहते. बाहेरची कुठलीही माती चालत नाही. आणि किल्ल्यातलीही सगळी चालत नाही.

“मग ओळखता कशी?”

खलीलसाहेबांनी पहिल्या डब्यातली चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. क्षणभर थांबून बाजूच्या टोपल्यात थुंकले. मग दुसऱ्या डब्यातली चिमूट, तसंच. दुसरा डबा त्यांनी आमच्याकडे सरकवला.

“ये अच्छी है. वो कच्ची है, अभी उसकू रखना पडता.”

जुई माझ्या मांडीत होती. मी तिला पोटाशी घट्ट धरलं होतं. तिचं सगळं अंग ताठ झालेलं मला कळलं. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा सगळ्यांच्या देखत माती तोंडात घालत होते आणि त्यांना कोणी आ कर म्हणत नव्हतं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा इतका उजळला, की मी इतक्या महिन्यांत तो तसा बघितला नव्हता.

“आजोबा पण,” ती म्हणाली.

बिरादार हसले. उमाकांतही हसला. मी हसले नाही, कारण ती पुढं काय करणार हे मला अर्धा क्षण आधी कळलं, आणि अर्धा क्षण पुरला नाही. तिनं माझ्या पर्सची आतली चेन उघडली. ती उघडायला तिला काहीच प्रयास पडले नाहीत. तिनं तिथली स्टीलची छोटी डबी काढली, मांडीवरून उतरली, आणि दोन्ही हातांनी ती खलीलसाहेबांपुढं धरली.

“ही आईची.”

त्यांनी कौतुकानं डबी घेतली. झाकण काढलं. आत पिवळसर मातीचे चार-पाच तुकडे होते. एक लहान मूल आपल्या कामात भाग घेतंय म्हटल्यावर कोणताही म्हातारा कारागीर जे करेल तेच त्यांनी केलं. एक तुकडा उचलला, त्याचा कोपरा जिभेला लावला, डोळे मिटले.

“ये अपनी नै,” ते गंभीरपणे म्हणाले. “ये मुलतानी है. तवे पे सेंकी हुई, कल-परसों की. ये लगाने की नै, ये तो खाने…”

तिथं ते थांबले. त्यांनी डोळे उघडले, आधी जुईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मातीला विचारून तिचं खरं-खोटं सांगणाऱ्या माणसाला सवयीनं बोलून गेल्यावर कळलं, की आपण काय बोललो. टोपल्यात थुंकायचंही ते विसरले.

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. बिरादार उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

उमाकांतनं हात पुढं केला आणि डबी घेतली. तुकडा नाकाशी नेला. मग डबी उलटी केली. आमच्याकडे नवीन भांड्यांवर दुकानात नाव घालून आणतात, तसं तिच्या बुडावर ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं. सौ. प्रमिला. त्यानं ते वाचलं. आपल्या आईचं नाव वाचायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

“करंड्याला किती वेळ लागेल?” त्यानं खलीलसाहेबांना विचारलं.

“आधा घंटा.”

“करा.”

खलीलसाहेबांनी करंडा तापवला, किल्ल्याची माती कालवली, आणि चोळायला सुरुवात केली. नवसागराचा उग्र वास खोलीभर झाला. करंडा धुऊन फडक्यानं पुसला तेव्हा तो गर्द काळा झाला होता आणि त्यावरची चांदीची वेल एक एक पान दिसत होती. कागदात गुंडाळून देताना ते माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलले.

“बेटी, हम बस पूछते उसकू. हलक के नीचे नै उतारते.” मग त्यांनी डबीकडे बोट केलं. “ये मट्टी मेरेकू दे दो. दीवार का छेद भरने कू काम आती.”

मी मान हलवली. त्यांनी तुकडे आपल्या टोपल्यात ओतले, डबी धुतली, पुसली, आणि रिकामी डबी जुईच्या हातात दिली.

गाडीत बसल्यावर बिरादार म्हणाले, साहेब, अष्टूरच्या घुमटी राहिल्यात. आमच्या उत्तराची वाट न बघता त्यांनी गाडी तिकडं वळवली. शहराबाहेर शेतांमध्ये ओळीनं थडगी आहेत, मोठ्या घुमटांची. पहिल्याच घुमटाच्या पायऱ्यांशी त्यांनी जुईला खांद्यावर घेतलं, म्हणाले, चल, तुला पोपट दाखवतो, अन् काळजी करू नका ताई, खाली ठेवत न्हाई. आणि ते लांब निघून गेले.

आम्ही पायरीवर बसलो. हिवाळ्याचं ऊन होतं. हरभऱ्याच्या शेतात एक बाई भाजीसाठी कोवळे शेंडे खुडत होती.

“कधीपासून?” उमाकांतनं विचारलं.

“जुई पोटात होती तेव्हापासून.”

तेव्हा त्या खाण्याची काळजी कोणालाच नव्हती. डोहाळे म्हणून सासूबाईंनीच उदगीरच्या कुंभाराकडची भाजकी माती त्या डबीतून पाठवली होती, वर लिहिलं होतं की रोज एवढीशीच, आणि बाळंतपणानंतर बंद. डबी दोन महिन्यांत संपली. जुई झाली. आणि मी काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन चेहऱ्याला लावायची म्हणून मुलतानी माती आणली. संध्याकाळी घरी आल्यावर जुई टीव्हीपुढं बसली, की मी ओट्याकडे तोंड करून तव्यावर ती भाजायचे. पाठ जुईकडे असायची. मला वाटायचं, पाठीमागून काही दिसत नाही. लॅबमध्ये मी रोज तीसेक लोकांचं रक्त तपासायचे, स्वतःचं एकदाही तपासलं नव्हतं. आकडा काय येईल ते मला न तपासता माहीत होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. मग तो म्हणाला, “डॉक्टरांनी विचारलं होतं. घरात आणखी कोणाला ही सवय आहे का.”

“हो.”

“उत्तर तू दिलं नव्हतंस. मी दिलं होतं. मी म्हटलं होतं, छे हो, कोणालाच नाही. अगदी ठासून.” तो थांबला. “तू मला बोलू दिलंस.”

दिवसभर तो मला काहीही बोलला असता तर मी त्याला तोंड दिलं असतं. ते वाक्य मात्र मी आजपर्यंत बरोबर बाळगलं आहे.

“मदरशात बडीशेप नव्हती,” मी म्हटलं. “माती होती. मी लपवली.”

त्यानं मान हलवली. त्याला ते आधीच कळलं होतं की आत्ता, हे मी कधी विचारलं नाही.

“अट तू घातली होतीस,” तो म्हणाला. “पण आता अटीला काही अर्थ राहिलेला नाही. मी आईला काही सांगणार नाही. आज जुईनं काही खाल्लं नाही असं तू म्हणालीस, तर मी हो म्हणेन. ती आपल्याबरोबर येईल. तुझं तू ठरव.”

बिरादार परत आले तेव्हा जुई त्यांच्या खांद्यावर झोपली होती, हातात डबी घट्ट धरलेली.

उदगीरपर्यंत मी तिच्या बोटांकडे बघत होते. नखं पांढरी. मग मी माझी बघितली. सारखीच होती. जुईला परत न्यायचं असेल तर एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे ती डबी हळूच काढून पर्समध्ये ठेवायची. तीन वर्षं मी तेच करत आले होते, हात सवयीनं जातच होता. दोनदा मी तिच्या बोटांपाशी हात नेला आणि काढून घेतला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. चहा झाला. बिरादारांनी चहा घेतला, जाताना जुईच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाले, किल्ला तुम्ही बघितलाच न्हाई ताई, परत या. सासूबाईंनी करंडा उलटसुलट करून बघितला, चांगला आहे म्हणाल्या, आणि मग शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात विचारलं, “काय ठरलं जुईचं?”

उमाकांत कपाकडे बघत राहिला.

मी जुईच्या हातातली डबी घेतली आणि त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली.

त्यांनी ती उचलली. चष्मा लावावा लागला नाही, बुडावरून अंगठा फिरवला तेवढ्यानं कळलं. “ही माझी डबी.”

“हो. डोहाळ्यांना पाठवली होतीत.”

“त्यातली तर दोन महिन्यांत संपायला हवी होती.”

“संपली होती,” मी म्हटलं. “मग मी भरत राहिले.”

त्यांना समजायला वेळ लागला नाही. माझी अपेक्षा होती, की आता मी काय शिकले, कुठं नोकरी करते, या सगळ्याचा उद्धार होणार. त्या उठल्या, मला खांद्याला धरून खिडकीपाशी नेलं, आणि अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं. एक डोळा. मग दुसरा.

“पाठवली मी,” त्या म्हणाल्या. “बंद झाली का, हे विचारायचं मलाही सुचलं नाही.”

मग त्या उमाकांतकडे वळल्या. “तू उद्या एकटा जा. हिच्या ऑफिसात रजेचं सांग. दोघींना ठेवून जा.”

आम्ही दोघी तीन महिने राहिलो. उदगीरच्या दवाखान्यात माझं रक्त तपासलं तेव्हा आकडा जुईपेक्षाही खाली निघाला. मला इंजेक्शनं, जुईला सिरप, दोघींना जंताचं औषध एकाच दिवशी. सासूबाई पहिले काही दिवस माझ्याशी फार बोलल्या नाहीत. सकाळी अळिवाची खीर दोन वाट्यांत आणून ठेवायच्या आणि दोन्ही रिकाम्या होईपर्यंत समोर बसून राहायच्या. पहिल्या महिन्यात दोनदा माझा हात अंगणाकडेच्या भिंतीला गेला. ते मी त्यांना त्या त्या दिवशीच सांगितलं. जुईचं खाणं कधी सुटलं, तो दिवस मला सांगता येणार नाही. एवढंच सांगता येईल, की माझं आधी सुटलं.

जुई आता सतराची आहे. तिला यातलं काही आठवत नाही. तो करंडा आजींनी तिला दिला आहे, तो ती कानातल्यांसाठी वापरते.

मला मात्र आमचा निघायचा दिवस आठवतो. उमाकांत न्यायला आला होता. बस सुटायच्या आधी सासूबाईंनी खिडकीतून ती डबी माझ्या हातात दिली. बस गावाबाहेर पडल्यावर मी झाकण काढलं. आत अळिवाचे लाडू होते, लहान लहान, डबीत मावतील असे. मी एक तोंडात टाकला आणि बाहेर बघत बसले.

जुई माझ्या मांडीत होती. तिनं माझ्या हलणाऱ्या गालाकडे बघितलं. मग उठून उभी राहिली, माझ्या हनुवटीला हात लावून माझं तोंड आपल्याकडे वळवलं, आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाली,

“आई, आ कर.”

मी आ केला. तिनं आत नीट बघितलं, दाढांच्या मागेसुद्धा. मग खाली बसली.